शास्त्रज्ञांवर चारोळ्या करतोय, न्यूटनपाशी घोडं अडलंय

वात्रट अणू:
मंडळी, शास्त्रज्ञांवर चारोळ्या लिहायचं खूळ डोक्यात घेतलंय पण पहिल्याच माणसावर घोडं अडलं. तीन ओळी झाल्यात, चौथी येते ती इतकी पुळचट की मलाच हसू येत नाही.

न्यूटनच्या टाळक्यात सफरचंद पडलं,
टेंगूळ आलं, गणित सुचलं,
आम्ही कितीदा आपटलो तरी...

पुढे काय?

खवचट काकू:
पडलं-सुचलं हे यमक नाही हो, नुसतं शेवटी 'लं' आलं म्हणून जुळत नसतं. आणि सफरचंद टाळक्यात पडलंच नव्हतं. म्हातारपणी, १७२६ साली, झाडाखाली चहा घेताना त्याने स्टकली नावाच्या मित्राला एवढंच सांगितलं की फळ पडताना बघून विचार सुरू झाला, टेंगूळ लोकांनी नंतर चिकटवलं. त्यापेक्षा खरी भानगड घ्या ना! १७२० मध्ये साऊथ सी कंपनीच्या शेअरमधून हा आधी नफा काढून बाहेर पडला, मग भाव अजून चढतोय बघून राहवेना, परत चढ्या भावात घुसला आणि आपटला.

सफरचंद पडलं, नियम गवसला,
शेअर चढला, न्यूटन फसला;
वर जाईल ते येईल खाली,
हेच विसरला, फटका बसला!

अर्धवट फॉर्म्युला:
काकू __/\__
माझा टायको ब्राहे घ्या, जुना खगोलशास्त्रज्ञ. विशीत द्वंद्वात नाक गेलं, मग धातूचं लावून फिरायचा. सगळे म्हणायचे सोन्याचं नाहीतर चांदीचं, २०१० ला थडगं उघडलं आणि नाकाच्या हाडावर सापडलं तांबं न् जस्त, म्हणजे चक्क पितळ. मराठीत तर हा जोक आयताच तयार आहे राव, मी फक्त टाइप केला:

तलवारीनं टायकोचं नाक खुडलं,
चांदीचं म्हणत नवं जडलं,
चारशे वर्षांनी थडगं खणलं
न् बिचाऱ्याचं पितळ उघडं पडलं!

खवचट काकू:
खुडलं!! या एका शब्दाला पैकीच्या पैकी. 'खणलं' माफ, तिसऱ्या ओळीला सूट असते.

वात्रट अणू:
बरं, न्यूटन रद्द. मेंडेलीववर आलोय. १८६९ च्या तक्त्यात त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी घरं मोकळी सोडली आणि १८७५ ला त्यातल्या एकात गॅलियम येऊन बसलं, मीपण तेच करतोय:

मेंडेलीवनं तक्ता मांडला,
मोकळ्या घरांवरून जो तो भांडला,
सहा वर्षांनी गॅलियम आलं,
.....................

चौथी ओळ सापडेल कुणालातरी.