मदत हवी आहे : आठवीतल्या लेकीसोबत घरातल्या सगळ्यांनी खेळायला, चालायला कशी सुरुवात करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई, आठवीतली लेक आणि चौथीतला मुलगा. प्रश्न लेकीबद्दल आहे. सातवीत असताना ती रोज संध्याकाळी खाली असायची. लगोरी, डबा ऐसपैस, मुलांबरोबर क्रिकेटसुद्धा. ते हळूहळू बंद झालं. आता शाळा, क्लास आणि घर एवढंच. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही, लहानशा गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतं. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट व्यवस्थित आहेत. शाळेतल्या समुपदेशक बाईंशी ती मोकळेपणाने बोलते, हा मोठा आधार आहे. त्यांचं म्हणणं असं, की बोलणं चालू राहीलच, पण तिचं शरीरही हललं पाहिजे, आणि तिला एकटीला कुठल्या क्लासला घालण्यापेक्षा घरच्यांनी तिच्यासोबत उतरावं.

मला हे मनापासून पटलंय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं. म्हणजे गरज आम्हा सगळ्यांचीच आहे, तिच्या एकटीची नाही. हे तिला कळावं असं फार वाटतं. ‘तुला बरं नाही म्हणून आम्ही हे करतोय’ असं तिला क्षणभरही वाटायला नको.

अडचणी अशा. नवऱ्याची शिफ्ट बदलती. खाली पुनर्विकासाचं काम चालू आहे, उरलेल्या जागेत गाड्या लागतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना कशातून वगळलं की वाईट वाटतं. आणि लेक म्हणते, ‘सगळे बघतात.’ कोण बघतं विचारलं की गप्प. तुमच्यापैकी कुणी या वयाच्या मुलांसोबत घरातल्या सगळ्यांनी मिळून काही सुरू केलंय का? काय टिकलं? तिच्या मागे न लागता तिला सोबत कसं घ्यायचं?

मैदानवाली :
ताई, मी दादरला शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. सातवी-आठवीत मुली मैदानावरून गळतात, हे दर वर्षी बघते. सगळ्यांसमोर विचारलं तर ‘कंटाळा आला’ म्हणतात. एकटीला शेजारी बसवून विचारलं की खरं बाहेर येतं. पळताना छाती हलते आणि मुलं हसतात. पाळीचा डाग पडेल अशी भीती वाटते. पॅड बदलायला धड जागा नसते. तुमच्या लेकीच्या ‘सगळे बघतात’मध्ये यातलं काही आहे का, ते आधी बघा. मापाची चांगली स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅक पँट आणि पिशवीत जास्तीचं पॅड, एवढ्यावर परत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. बरं वाटत असेल तर पाळीत खेळायला काही हरकत नाही, फार दुखत असेल तर विश्रांती. एक कळकळीची विनंती : घरात कुणीही, अगदी कौतुकानेसुद्धा, वजनाचा किंवा बारीक-जाड होण्याचा विषय काढू नका. आजींना हे आधी नीट समजावून सांगा.

ओळखीच्या नजरा नकोत तर सुरुवातीला नगराबाहेर जा. रविवारी सकाळी लोकलने दादरला उतरून शिवाजी पार्क. कट्ट्याची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते. आजींना कट्ट्यावर बसता येतं, मुलगा मध्ये चेंडू खेळतो. तिथेच १९२५ पासूनचं समर्थ व्यायाम मंदिर आहे, मुली दोरीचा मल्लखांब करताना दिसतील. नाव घालायची घाई करू नका, नुसतं बघू द्या.

बोरिवलीचा बाबा :
आमचा मुलगा तेरा वर्षांचा. आम्ही रविवारी राष्ट्रीय उद्यानात जातो (सोमवारी बंद असतं, लक्षात ठेवा). कान्हेरीकडे जाणारा रस्ता चढाचा आहे, चांगला दम लागतो. भाड्याने सायकलीही मिळतात. माझा अनुभव एवढाच की समोर बसवून विचारलं की ही मुलं बंद होतात. शेजारी चालताना, नजर रस्त्यावर असताना, आपणहून बोलतात. तेव्हा मी उपदेश करत नाही, फक्त ऐकतो. दुसरं म्हणजे ठरवायचा हक्क त्याच्याकडे दिला. कुठे जायचं, किती चालायचं, परत कधी फिरायचं, हे तो सांगतो. पावलं मोजणारं अॅप मात्र आम्ही काढून टाकलं. त्यामुळे फिरण्याची परीक्षा होत होती.

शिफ्टचं म्हणाल तर सगळ्यांनी रोज एकत्र यायलाच हवं असं नाही. ६० मिनिटं सलग असायची गरज नसते, तुकड्यांत चालतात. सकाळी तिच्यासोबत बाबांनी क्लासपर्यंत चालत जाणं, हेही त्यात धरा.

सावली :
मी मुलांच्या मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. नियमित हालचालीने या वयातल्या उदासपणाच्या तक्रारी कमी होतात, झोपही सुधारते, तेव्हा तुमची दिशा बरोबर आहे. पण फक्त शाळेच्या दिवशी पोट दुखतं, हे माझ्या मनात अडकलं. शाळेत, क्लासमध्ये किंवा फोनवरच्या ग्रुपमध्ये कुणी छळत तर नाही ना, हे समुपदेशक बाईंच्या मदतीने शोधा. तसं असेल तर ते थांबवणं हाच उपाय. चालण्याने ते थांबणार नाही.

आवडत्या गोष्टीही दोन-दोन आठवडे नकोशा झाल्या, खाणं तुटलं, स्वतःला इजा करण्याचं किंवा ‘मी नसले तर बरं’ असं काही तोंडून आलं, तर एक दिवसही न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही आई म्हणून स्वतःसाठीही फोन करू शकता.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. मैदानवाली ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत. काल रात्री दिवे मालवल्यावर हळूच विचारलं, तर क्रिकेट खेळताना नगरातली मोठी मुलं काही बोलली होती. खरेदीला आम्ही दोघी आज जातोय. सावली ताई, शाळेतल्या बाईंची सोमवारची वेळ घेतली आहे. शिवाजी पार्कला जायचं तिनेच निवडलं. अट एकच, भावाने ओळखीच्या कुणाला सांगायचं नाही. अजून एक विचारते. पावसाळ्यात काय करायचं? चार महिने घरात बसलो तर सगळं परत थांबेल.

मैदानवाली :
आजींना कामाला लावा! मंगळागौरीचे खेळ त्यांना नक्की येत असतील. फुगडी, झिम्मा, बसफुगडी, पिंगा, कोंबडा. बसफुगडी पाच मिनिटं घालून बघा, मांड्या भरून येतात. आजींनी खुर्चीत बसून गाणी म्हणायची, चुका सुधारायच्या. गुडघ्यांना त्रास नाही आणि त्या गुरू. मुलगा आणि बाबांनीही घालायची, मुलींचेच खेळ म्हणून बाजूला बसायचं नाही. फक्त खालच्या मजल्यावरच्यांना वेळ आधी सांगून ठेवा आणि फरशी कोरडी असू द्या. पाऊस उघडला की छत्री घेऊन चालायला निघा.