मदत हवी आहे : एक्स-रे स्क्रीनरच्या चाचणीतून नजर कोणाची चांगली हे कसं ठरवायचं?

विमानतळावरच्या हातसामानाची २०० एक्स-रे चित्रं दाखवून चाचणी घेतली आहे. १०० बॅगांत धोक्याची वस्तू, १०० निर्धोक. स्क्रीनर 'अ'ने ९० वस्तू पकडल्या, पण ३० निर्धोक बॅगाही अडवल्या. 'ब'ने ८० पकडल्या, उगाच अडवल्या फक्त ५. 'अ'ला वरचा क्रमांक द्यावा का?

गणितवेडा : नाही. सगळ्याच बॅगा अडवणारा शंभर टक्के वस्तू पकडेल, ती काही नजर नव्हे. पकडीचं आणि खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण घ्या, एक्सेलमध्ये दोन्हींचं झेड-मूल्य (ते प्रमाण सामान्य वितरणाच्या मधोमधपासून किती दूर पडतं तो आकडा, NORM.S.INV ने निघतो) काढा आणि पहिल्यातून दुसरं वजा करा. हा डी-प्राइम, म्हणजे धोक्याची आणि निर्धोक बॅग वेगळी ओळखण्याच्या क्षमतेचं माप. 'अ'चा १.८ येतो, 'ब'चा जवळपास २.५. म्हणजे नजर 'ब'ची तेज. 'अ' नुसता लवकर शंका घेतो. कोणी १०० पैकी १०० पकडल्या तर सूत्र अडतं, म्हणून सगळ्यांच्याच दोन्ही प्रमाणांत अंशात ०.५ आणि छेदात १ मिळवा.

क्षकिरण : एकच आकडा काढून थांबू नका. चाकू आडवा पडलेला असेल तर पातं ठळक दिसतं. तोच धारेकडून दिसला की नुसती निळी रेघ उरते, आणि ती बॅगेच्या सांगाड्यात मिसळून जाते. वस्तूचा कोन, तिच्यावर आलेलं सामान, बॅगेतली गर्दी, या तिन्हींनुसार निकाल वेगळे काढा. प्रशिक्षण कशाचं द्यायचं ते तिथेच कळतं.

गणितवेडा : आणखी एक. निम्म्या बॅगांत धोका ठेवलात, त्यामुळे निकाल खऱ्या कामापेक्षा चांगलाच दिसणार. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लक्ष्य निम्म्या चित्रांत असताना ७ टक्के सुटलं, १ टक्का चित्रांत असताना ३० टक्के. क्वचित दिसणाऱ्या गोष्टीला मेंदू फार लवकर 'नाही' म्हणतो.

धागाकर्ता : मग मशीनवर चालू कामात खोट्या वस्तूंची चित्रं मिसळतात, त्या 'टिप'चे आकडे घेऊ का?

क्षकिरण : पकडीसाठी जरूर घ्या, मात्र काही महिन्यांचे एकत्र करून, एका पाळीत अशी चित्रं मोजकीच येतात. खोट्या इशाऱ्यांसाठी नको. दाट लॅपटॉपमुळे हाताने तपासायला काढलेली बॅग निर्धोक निघाली, तरी स्क्रीनर चुकला असं होत नाही. शिवाय चित्रसंग्रह जुना असेल तर चित्रं पाठ झालेली असतात. तो शेवटचा कधी बदलला, हे आधी विचारून घ्या.