हँडबुकात आहे म्हणजे करारात आहे का?

काहींचं म्हणणं असतं की शिस्तभंगाच्या कारवाईची कार्यपद्धती कंपनीच्या हँडबुकात (सेवानियमांच्या पुस्तिकेत) आहे, म्हणजे ती नोकरीच्या करारातच आली. इतकं सरळ नाही ते. आधी नेमणूकपत्र काढा. 'सेवानियम या कराराचा भाग राहतील' असं असेल तर कर्मचाऱ्याची बाजू भक्कम. 'केवळ मार्गदर्शनासाठी, कंपनी केव्हाही बदलू शकते' असेल तर लंगडी. मग क्रियापदं बघा: 'खुलाशासाठी 7 दिवस दिले जातील' हे बंधन, 'शक्यतो दिले जातील' हे नुसतं आश्वासन. एकाच हँडबुकातलं एक कलम करार आणि पुढचं निव्वळ धोरण असू शकतं, बहुतेक जण फसतात ते इथेच. करारातली पायरी गाळली तर तो करारभंग. भरपाई मात्र अनेकदा ती पायरी पाळायला जेवढा काळ लागला असता, तेवढ्या पगारापुरतीच. कायद्याने सक्तीची केलेली चौकशी वेगळी, ती करारात नसली तरी चुकत नाही. आणि हो, सही केली त्या दिवशीची आवृत्ती जवळ ठेवा.