पाणी भरतंय पण फवारा नाही

डिशवॉशरमध्ये पाणी भरतंय, पंपाचा आवाजही येतोय पण फवारा उडत नाही म्हणताय, म्हणजे इनलेट (पाणी आत येण्याची वाट) ठीक आहे, पाणी बहुधा पुढे कुठेतरी अडतंय. लगेच मोटर बदलायला जाऊ नका हो, फार खर्चाचं काम आहे ते. आधी विजेचा प्लग काढा, खालचा फिल्टर ब्रशने धुवा, मग दोन्ही स्प्रे आर्म (भांड्यांवर पाणी उडवणारे भोकांचे फिरते दांडे) काढून कानाशी हलवा, खुळखुळलं तर आत मोहरी-जिरं नाहीतर भाताची शितं आहेत, टूथपिकने काढून नळाखाली धरा, प्रत्येक भोकातून धार आलीच पाहिजे. बोअरचं पाणी असेल तर क्षारानेही भोकं बुजतात, गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून आर्म भिजत ठेवा. तरी नाहीच झालं तर फिल्टरखालच्या खड्ड्यात पंपाच्या तोंडाशी फुटकी काच अडकलीय का बघा, हात घालताना ग्लोव्हज घालाच.