उतारावरची भेग ड्रोनने मोजताना नकाशा फाटतो आहे

प्रश्न :
मी भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. पोलादपूर तालुक्यातील एका वाडीच्या ८० मीटर वर, डोंगरउतारावर गेल्या पावसाळ्यात अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे. माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथे दरडी कोसळून जे घडले, त्यानंतर अशी भेग नुसती पाहून परतणे मनाला पटत नाही. म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये ड्रोनने छायाचित्रे घेऊन हालचाल मोजायची आहे. पहिले उड्डाण वाडीतून १२० मीटर उंचीवर केले. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या छायाचित्रांत सामाईक येणारा भाग, पुढेमागे ८० आणि बाजूला ७० टक्के ठेवला होता. छायाचित्रे जोडून नकाशा करताना खालचा भाग नीट जुळला, पण भेगेजवळचा नकाशा फाटका येतो. असे का होत असावे?

उत्तर १ :
ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. भेगेवर तो जमिनीपासून केवळ ४० मीटरवर होता, म्हणजे प्रत्येक छायाचित्रात मावणारी लांबी-रुंदी एक तृतीयांश झाली आणि आपला ओव्हरलॅप तेथे ८० ऐवजी ४० व ७० ऐवजी १० टक्केच उरला. समोच्च रेषांना (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) धरून उड्डाणाच्या ओळी आखा आणि ओळ वर सरकेल तशी उंचीही वाढवा. शिवाय कॅमेरा तिरपा ठेवून काही छायाचित्रे घ्या. सगळी सरळ खाली पाहणारी असली तर पृष्ठभागाला घुमटासारखा खोटा फुगवटा येतो.

उत्तर २ :
मला ऑक्टोबरचीच अधिक काळजी वाटते. तेव्हा गवत कमरेएवढे असते आणि छायाचित्रांतून मिळते ती गवताच्या शेंड्यांची उंची, जमिनीची नव्हे. गवत वाळून बसल्यावर, लागोपाठ दोन वर्षे मे महिन्यातच उड्डाण करावे. जमिनीवरील नियंत्रण बिंदू (अचूक स्थान मोजलेल्या खुणा, ज्यांवर नकाशा बसवला जातो) भेगेच्या बाहेर, उघड्या कातळावर हवेत. प्रत्येक सर्वेक्षणात उंचीची प्रमाण त्रुटी (मोजमापातील सर्वसाधारण चूक) १० सेंटिमीटर धरली, तर दोन्ही सर्वेक्षणांच्या त्रुटी एकत्र येऊन ९५ टक्के खात्रीसाठी सुमारे २८ सेंटिमीटरपेक्षा लहान बदलाला हालचाल म्हणता येणार नाही.

उत्तर ३ :
त्याहून लहान हालचालीसाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून अंतर टेपने मोजा. पावसात आणि धुक्यात ड्रोन उडत नाही, पण भेग तेव्हाच रुंदावते; मात्र मुसळधार पावसात कोणालाही वर पाठवू नका. आणि नकाशा पूर्ण होण्याची वाट न पाहता भेगेची माहिती तहसील कार्यालयाला आजच लेखी कळवा.