मदत हवी आहे: गोवऱ्या ओल्या झाल्या, आगारी गॅसवर टाकली तर चालेल का? (उद्याच आहे)

मलकापूरचा_पोरगा:
उद्या पितृपक्षातली सप्तमी. आठ दिवसांच्या झडीत गोठ्यातल्या सगळ्या गोवऱ्या भिजल्या. चूल मोडून दोन वर्षं झाली, घरात गॅसच आहे. गॅसवर तवा तापवून त्यावर घास टाकले तर चालतात का? लवकर सांगा.

वर्धेची_काकू:
आगारी म्हणजे काय रे बाळा? आणि पान कोणाचं?

मलकापूरचा_पोरगा:
गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं, ज्योत लागली की पुरणपोळी, खीर, वडा, भात यांचे घास टाकायचे. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) टाकतात तीच. पान आजोबांचं. पण गॅसचं सांगा ना!

पऱ्हाटी:
तव्यावर नको. घास नुसता करपतो. नारळाच्या शेंड्या अन् तुराट्या पेटव, वरून कापूर. घमेल्यात आधी राख पसर, नाहीतर फरशी तडकते. आमची तडकली होती.

पोथीवाचक:
श्राद्धात अग्नौकरण असतं. सोम पितृमान आणि अग्नी कव्यवाहन यांना आहुती देतात. घरात अग्नी नसेल तर ब्राह्मणाच्या हातावर देतात. म्हणजे विस्तवावाचून अडत नाही.

पऱ्हाटी:
आमच्याकडे ब्राह्मण कोण बोलावते? घरचा मोठा माणूसच टाकते.

वर्धेची_काकू:
दरवर्षी कोण टाकतं? त्यांनाच विचार की.

मलकापूरचा_पोरगा:
बाबा टाकायचे. ते वैशाखात गेले.

पोथीवाचक:
हे आधी लिहायचं होतं! वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात पक्ष करत नाहीत.

वर्धेची_काकू:
असं सरसकट सांगू नका. आमच्याकडे पहिल्याच वर्षी भरणीला करतात. घराघराची रीत वेगळी. बाळा, भाऊकीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचार.

शेंडगाव_फाटा:
गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. भुकेल्याला अन्न द्या, हेच सांगत फिरले. तूप जाळण्यापेक्षा गावातल्या निराधार बाईला जेवू घाल. मी सहा वर्षांपासून तेच करतो, आणि मनापासून सांगतो, वडील जेवल्यासारखं वाटतं.

पऱ्हाटी:
दोन्ही करता येते भाऊ. त्याची माय घरात बसली आहे, तिच्या मनाचं पाहा.

मलकापूरचा_पोरगा:
काका म्हणतात वर्षभर थांब. आई म्हणते, बाबांनी त्यांच्या बापाचं पान एकदाही चुकवलं नाही, तूही चुकवू नको. मी टाकणार आहे. पाच नारळांच्या शेंड्या निघाल्या, तुराट्या शेजारून आणल्या. आता पाणी कसं सोडायचं तेवढं सांगा. बाबा सोडायचे तेव्हा मी कधी नीट पाहिलंच नाही.

पोथीवाचक:
दक्षिणेकडे तोंड कर. पाण्यात काळे तीळ घाल. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून धार सोड, बोटांच्या टोकांवरून नाही. आजोबांचं नाव घे.

वर्धेची_काकू:
आणि पहिला घास आईच्या हातून काढून घे. तुपाचा भडका होतो, लांबून टाक.

दारव्हेकर:
अविधवा नवमीला पण आगारी टाकतात का? आमच्या वहिनीचं पान आहे. तुराट्या नाहीत, पऱ्हाट्या चालतील?