मदत हवी आहे: युकेत युनियन फीवर टॅक्स रिलीफ

नमस्कार मंडळी, मी मूळची सांगलीची, साडेचार वर्षं झाली लीड्समध्ये नर्स आहे. एनएमसीचे (नर्सेसचं रजिस्ट्रेशन करणारी संस्था) वर्षाला १२० पाउंड आणि आरसीएनची (नर्सेसची युनियन) मेंबरशिप, दोन्ही मी स्वतःच्या पगारातून भरते आणि परवा वॉर्डातली एक ताई म्हणाली अगं यावर टॅक्स परत मिळतो, तू क्लेमच केला नाहीस का? मला कुणी सांगितलंच नव्हतं हो! एचएमआरसीच्या (इथलं टॅक्स खातं) मान्य संस्थांच्या लिस्टमध्ये दोन्ही नावं आहेत, बेसिक रेटने (२० टक्के) एनएमसीचेच २४ पाउंड होतात, आणि मागची ४ वर्षं क्लेम करता येतात.

आता माझा प्रश्न, पहिली दोन वर्षं डायरेक्ट डेबिट नवऱ्याच्या अकाउंटमधून जात होतं, मेंबरशिप माझ्या नावावर, तर तेवढ्या वर्षांचं काय? आता पुरावे जोडावे लागतात, तर युनियनकडून वर्षावार पावत्या कुणी मागवल्यात का? आणि पी८७ मध्येच (नोकरीच्या खर्चावर टॅक्स परत मागायचा फॉर्म) युनिफॉर्म धुण्याच्या खर्चाचे १२५ पाउंड पण एकदम टाकले तर चालतं ना?

कमिशन घेणाऱ्या एजंटकडे मला अजिबात जायचं नाहीये, कष्टाचे पैसे आहेत. कुणी स्वतः फॉर्म भरला असेल तर प्लीज नीट सांगा, मागचं एक वर्ष ५ एप्रिलला हातचं जाईल.